प्राणिशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र: कीटकाचा डोळा तक्त्यावरून खाली उतरवा

प्रति,
अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
प्राणिशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार बीएस्सीचे अभ्यासक्रम सध्या एकेका वर्षाने नव्याने लिहिले जात आहेत. फील्ड प्रोजेक्ट आला, ऑन जॉब ट्रेनिंग आलं, चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला. क्रेडिटच्या चौकटी आखून झाल्या आहेत आणि त्यांत काय भरायचं हे आपल्या हातात आहे. ते भरलं जाण्याआधी आपल्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी बीएस्सीच्या वर्गांना प्राणिशास्त्र शिकवते. माझं संशोधन कीटकांच्या दृष्टीवर आहे: नाकतोडा, माशी, टाचणी (चतुरासारखा सडपातळ कीटक) यांना काय दिसतं, किती बारीक दिसतं, आणि दिसलेल्याच्या आधारे ते कसे वळतात. बहुतेक कॉलेजांत प्राध्यापकाचं संशोधन एका खोलीत चालतं आणि विद्यार्थ्यांचं प्रॅक्टिकल दुसऱ्या खोलीत. या दोन खोल्यांमधली भिंत पाडता येते आणि त्यासाठी कीटकाच्या डोळ्याइतका सोयीचा विषय प्राणिशास्त्रात दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात झुरळापासून करते, कारण आपल्या मुलांची संयुक्त नेत्राशी ओळख तिथेच होते. षट्कोनी नेत्रिका (या डोळ्याचे भिंगवाले छोटे घटक), त्यांची उभी छेदाकृती, आणि खाली ‘मोझेक व्हिजन’. झुरळाला एकाच वस्तूच्या अनेक प्रतिमा दिसतात, हे वाक्य अकरावीत पाठ होतं, प्रवेशपरीक्षेच्या तयारीत घोटलं जातं आणि टीवायच्या व्हायवात जसंच्या तसं ऐकायला मिळतं.

हे वाक्य चूक आहे. दिवसा वावरणाऱ्या बहुतेक कीटकांच्या डोळ्यात प्रत्येक नेत्रिकेचं तोंड वेगळ्या दिशेला असतं. तिच्या भिंगातून आत आलेला प्रकाश खालच्या रॅब्डोमवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या दांडीवर, पडतो आणि तिथे त्याची सरमिसळ होते. त्या दिशेला उजेड किती आणि कुठल्या रंगाचा, एवढीच बातमी एक नेत्रिका मेंदूकडे पाठवते. ठिपक्यांच्या रांगोळीत एक ठिपका म्हणजे चित्र नसतं, तसंच हे. हजारो ठिपके मिळून कीटकाला समोरच्या जगाचं एकच, सुलटं चित्र मिळतं. मधमाशीच्या डोळ्यात शेजारशेजारच्या दोन नेत्रिकांच्या दिशांमध्ये साधारण १ अंशाचा फरक असतो, फळमाशीच्या डोळ्यात साधारण ५ अंशांचा. आपली नजर १ अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा टिपते. म्हणजे कीटकाचं चित्र आपल्यापेक्षा कितीतरी भरड असतं, पण ते एकच असतं.

मग अनेक प्रतिमांची कल्पना आली कुठून? सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये लेव्हेनहुकने कीटकाच्या डोळ्याचं वरचं पारदर्शक आवरण सुटं केलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यातून मेणबत्तीकडे पाहिलं. त्याला एका ज्योतीऐवजी असंख्य चिमुकल्या उलट्या ज्योती दिसल्या. त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पण डोळ्याचा खालचा सगळा भाग काढून टाकल्यावर जे त्याला दिसलं, ते कीटकाला दिसत नाही. योहानेस म्युलरने १८२६ साली ठिपक्यांच्या एकाच चित्राची कल्पना मांडली. १८९१ साली व्हिएन्नाच्या झिगमुंड एक्सनरने काजव्याच्या डोळ्यातून काढलेलं छायाचित्र प्रसिद्ध केलं. त्यात एक खिडकी आहे, काचेवर चिकटवलेलं ‘आर’ हे अक्षर आहे आणि पलीकडचं चर्च आहे. सगळं एकदाच आणि सुलटं. काजव्याचा डोळा रात्रीच्या बनावटीचा, म्हणजे सुपरपोझिशन प्रकारचा असतो. त्यात अनेक भिंगांतून आलेला प्रकाश आत एकाच जागी जुळतो आणि तिथेही प्रतिमा एकच पडते.

आणखी एक गोष्ट आपण वर्षानुवर्षे शिकवतो: झुरळाचा डोळा दिवसा अ‍ॅपोझिशन (म्हणजे प्रत्येक नेत्रिका आपापल्या भिंगापुरतीच) आणि रात्री सुपरपोझिशन पद्धतीने काम करतो. घरातल्या नेहमीच्या झुरळाचा डोळा अ‍ॅपोझिशन प्रकारचाच आहे, रात्रीसुद्धा. रात्रीचा जीव असूनही त्याचा डोळा दिवसाच्या बनावटीचा का, हा खरा रंजक प्रश्न. तो विचारायची संधी आपण चुकीचं उत्तर देऊन घालवतो. अभ्यास मंडळाने बाकी काही केलं नाही तरी ही दोन वाक्यं अभ्यासक्रमातून आणि संदर्भपुस्तकांतून दुरुस्त करून घ्यावीत.

त्या रंजक प्रश्नाचं एक देखणं उत्तर आपल्याच सह्याद्रीत मिळालेलं आहे, आणि ते विद्यार्थ्यांना ठाऊक नाही याचं मला फार वाईट वाटतं. भीमाशंकरच्या अभयारण्यात वाळक्या लाकडात भोकं पाडून राहणारे, मधमाशीच्या नात्यातले मोठे काळे भुंगे आहेत. त्यातल्या एका जातीचं, झायलोकोपा ट्रँक्वेबारिकाचं, सगळं काम रात्री चालतं. चांदणी रात्र असो वा अमावस्या, तो भुंगा घरट्यातून निघतो, अंधाऱ्या जंगलात फुलं शोधतो आणि आपल्या घरट्याच्या नेमक्या भोकात परत येतो. त्याचा डोळाही अ‍ॅपोझिशन प्रकारचा आहे, म्हणजे खरं तर रात्रीला न शोभणारा. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस, एरिक वॉरंट आणि आल्मुट केल्बर या संशोधकांनी घरट्याच्या तोंडाशी रंगीत खुणा लावून पाहिल्या. नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही हा भुंगा रंगावरून आपलं घर ओळखतो, असं त्यांनी २००८ साली सिद्ध केलं. त्या उजेडात माणसाला रंग दिसतच नाहीत, सगळं राखाडी दिसतं. त्याच जंगलातल्या दिवसा उडणाऱ्या आणि संधिप्रकाशात उडणाऱ्या भुंग्यांच्या डोळ्यांशी तुलना केली, तेव्हा रात्रीच्या भुंग्याची भिंगं आणि रॅब्डोम मोठे निघाले. डोक्यावरचे तीन साधे डोळेही मोठे निघाले. याच मंडळींपैकी सोमनाथन आणि बोर्जेस यांनी त्याआधी, २००१ साली, भीमाशंकरच्या वारस झाडाचं रात्रीचं परागीभवन भुंगे करतात हे दाखवलं होतं.

पुण्याहून आणि मुंबईहून कॉलेजच्या सहली दरवर्षी भीमाशंकरला जातात. मुलं शेकरू पाहतात, फोटो काढतात, सहलीचा अहवाल लिहितात. वाटेतल्या वाळक्या ओंडक्याला बोटाएवढं गोल भोक असतं, त्याकडे कोणी पाहत नाही. मी पाहिलेल्या एकाही अभ्यासक्रमात या कामाचा उल्लेख नाही.

आता प्रॅक्टिकलकडे येते. २०१४ साली यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विच्छेदन बंद केलं, ते योग्यच झालं. पण कात्री-चिमटा गेला त्या जागी जिवंत प्राणी आला नाही. तक्ता आला, मॉडेल आलं, सॉफ्टवेअर आलं. जर्नलमधल्या आकृत्या मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतात, आम्ही सह्या करतो, एक्स्टर्नल येऊन स्पॉटिंग घेतात. तीन वर्षांत एकदाही मोजमाप न करता मूल पदवीधर होतं.

कीटकाच्या डोळ्यावर मोजमाप करायला महागडं काही लागत नाही. नाकतोडा किंवा प्रार्थनाकीटक घ्या. त्याच्या हिरव्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो. तुम्ही डावीकडे सरकलात की तो डावीकडे सरकतो, उजवीकडे गेलात की उजवीकडे, आणि मुलांना वाटतं तो आपल्याकडे बघतोय. तिथे बाहुली नाही. ज्या नेत्रिकांचं तोंड नेमकं तुमच्या दिशेला आहे त्या तुमच्याकडून येणारा प्रकाश गिळून टाकतात, म्हणून काळ्या दिसतात. बाकीच्या नेत्रिका तो बाजूच्या रंगद्रव्यावरून परतवतात, म्हणून हिरव्या. याला मिथ्याबाहुली म्हणू या. आता कीटकाला हलकेच एका जागी धरून ठेवा, खाली कोनमापक ठेवा, मोबाइलला दोनेकशे रुपयांचं मॅक्रो भिंग लावा. कॅमेरा १० अंश फिरवा आणि ठिपका किती नेत्रिका ओलांडून पुढे गेला ते फोटोवर मोजा. १० अंशांना त्या संख्येने भागलं की शेजारच्या दोन नेत्रिकांमधला कोन मिळाला. त्या प्राण्याची नजर किती बारीक आहे, हे विद्यार्थिनीने स्वतः मोजलं. त्यासाठी कोणाला मारावं लागलं नाही, संध्याकाळी नाकतोडा गवतात परत.

पुढचे प्रश्न मग मुलंच विचारतात. प्रार्थनाकीटकाच्या डोळ्यात समोरच्या बाजूला ठिपका मोठा का दिसतो? रात्री त्याचा डोळा काळपट का होतो आणि ठिपका नाहीसा का होतो? टाचणीच्या डोळ्यात एकापेक्षा जास्त ठिपके का दिसतात? पहिल्याचं उत्तर असं की तिथे जास्त नेत्रिका एकाच दिशेला रोखलेल्या असतात, भक्ष्यावर झेप घेण्यासाठी. बाकीच्या दोन प्रश्नांवर एकेक फील्ड प्रोजेक्ट आरामात होतो.

दुसरा प्रयोग पट्ट्यांच्या डब्याचा. आतल्या बाजूला काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा कागद लावलेला गोल डबा माशीभोवती सावकाश फिरवला की माशी पट्ट्यांबरोबर वळते. आजूबाजूचं सगळं जग सरकतंय म्हणजे आपणच भलतीकडे वळलोय, असं धरून ती स्वतःला सावरते. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या डब्यात १ अंश म्हणजे सुमारे पावणेदोन मिलिमीटर, हा हिशेब मुलांनीच करायचा आणि वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या छापून आणायच्या. पट्ट्या बारीक करत गेलं की एका टप्प्यावर प्रतिसाद मंदावतो. त्याहूनही बारीक केल्या की माशी चक्क उलट्या दिशेला वळते! काळ्या-पांढऱ्या जोडीची रुंदी दोन नेत्रिकांमधल्या कोनाच्या दुपटीहून कमी झाली की ठिपक्यांच्या जाळीतून पट्ट्या उलट सरकताना दिसतात, म्हणून हे घडतं. जर्मनीत बर्नहार्ड हासेनस्टाइन आणि वेर्नर राइखार्ट यांनी १९५०च्या दशकात सोंड्याच्या वर्गातल्या एका किड्यावर असेच प्रयोग करून हालचाल ओळखण्याचं गणित मांडलं. ते आजही मज्जाविज्ञानात शिकवलं जातं.

याला लागणाऱ्या माश्या कॉलेजात आधीच आहेत. जनुकशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी आपण लाल आणि पांढऱ्या डोळ्यांच्या फळमाश्या बाटल्यांत वाढवतो, संकर करतो, गुणोत्तर काढतो आणि बाटल्या धुऊन ठेवतो. त्याच माश्या या डब्यात सोडा. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या नीट वळत नाहीत, कारण नेत्रिकांना एकमेकींपासून आडोसा देणारं रंगद्रव्यच त्यांच्यात नसतं आणि उजेड सगळीकडे पाझरतो. एका जनुकातला बदल, डोळ्याची रचना आणि प्राण्याचं वागणं हे तिन्ही धागे एका दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये जुळतात. तीन वेगळ्या पेपरांत तीन वर्षं शिकवूनही ते जुळत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

पैसे नाहीत, जागा नाहीत, निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, ही उत्तरं मला माहीत आहेत. ती खरीही आहेत. पण या क्षेत्राचा इतिहास साधनांच्या श्रीमंतीवर उभा नाही. चार्ल्स हेन्री टर्नर हा कृष्णवर्णीय अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ. शिकागो विद्यापीठाची पीएचडी १९०७ साली मिळवली, तरी संशोधन विद्यापीठात त्याला जागा मिळाली नाही. १९०८पासून तो सेंट लुईसच्या समनर हायस्कूलमध्ये शिकवत होता. हाताखाली ना प्रयोगशाळा, ना सहायक. गावच्या बागेत रंगीत चकत्यांवर मध ठेवून त्याने मधमाश्यांच्या रंगदृष्टीचे प्रयोग केले आणि १९१० साली प्रसिद्ध केले. त्याचे ७०हून अधिक शोधनिबंध आहेत. १९१४ साली ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिशने निळ्या कागदाभोवती राखाडीच्या वेगवेगळ्या छटांचे कागद मांडले. मधमाशी उजेडाच्या कमी-जास्त प्रमाणावरून नव्हे, रंगावरूनच निळा ओळखते हे त्याने निर्विवाद दाखवलं. राखाडी कागद नसते तर शंका उरली असती. कंट्रोल (प्रयोगातली तुलनेसाठीची मांडणी) म्हणजे काय, हे एफवायच्या मुलाला समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही, आणि लागतात फक्त कागद, काचेच्या बश्या आणि साखरपाणी.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाच्या गावी प्राथमिक शाळेतल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी भुंगमाश्यांवर रंग आणि मांडणी यांचे प्रयोग केले. त्यांचा शोधनिबंध २०१० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या. आणि आपल्या नियमांत? पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यालाच चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ची वाट मोकळी. संशोधन हे हुशार मुलांना शेवटी द्यायचं बक्षीस आहे, ही समजूत या नियमातून झिरपते आणि ती मला मान्य नाही. पाठांतरात मागे पडणारी मुलं नाकतोड्यासमोर तासभर न हलता बसलेली मी पाहिली आहेत.

पुण्यातच पाहा. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे सरांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन वेड्या राघूवर काम केलं. शत्रूला आपलं घरटं दिसू शकतं की नाही याचा अंदाज हा पक्षी घेतो, असं सांगणारा त्यांचा निबंध २००२ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. लेखकांच्या यादीत मराठी आडनावांची रांग आहे. दृष्टीवरचं इतकं नेमकं काम दुर्बीण, वही आणि चिकाटी यांवर झालं.

म्हणून प्राध्यापकांविषयी दोन शब्द. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत पीएचडीच्या आणि पदव्युत्तर प्रबंधाच्या मार्गदर्शनाला गुण आहेत. बीएस्सीच्या मुलीला प्रश्न विचारायला, मोजायला आणि लिहायला शिकवण्याला नाहीत. साहजिकच संशोधन करणारा प्राध्यापक पदवीच्या वर्गापासून दूर सरकतो आणि पदवीच्या वर्गाला शिकवणारा संशोधनापासून. ही नियमावली बदलणं आपल्या अधिकारात नाही हे मी जाणते. पण प्रकल्पाच्या मार्गदर्शनाचे तास कार्यभारात नीट धरले जावेत अशी शिफारस आपण विद्या परिषदेकडे करू शकता, आणि आपल्या शिफारशीला तिथे वजन आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये संयुक्त नेत्राचा तक्ता काढून मिथ्याबाहुलीचं मोजमाप आणि पट्ट्यांचा डबा घाला. ‘मोझेक व्हिजन’ची व्याख्या दुरुस्त करा. फील्ड प्रोजेक्टच्या सुचवलेल्या विषयांत कीटकांची दृष्टी असू द्या. त्यात रस्त्यावरच्या दिव्याभोवती फिरणारे पतंगसुद्धा येतील. ते दिव्याकडे झेपावत नाहीत, तर उजेडाकडे पाठ करून उडण्याच्या सवयीमुळे त्याच्याभोवती अडकतात, हे २०२४ साली वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं गेलं. मोबाइलच्या स्लो मोशनवर आपली मुलंही त्याची पडताळणी करू शकतील. परीक्षेत जर्नलच्या नीटनेटकेपणाला असलेले गुण कमी करा आणि मुलांनी स्वतः काढलेल्या आकड्यांच्या नोंदवहीला द्या, मग आकडे पुस्तकाशी जुळोत की न जुळोत. संरक्षित फुलपाखरं पकडायची नाहीत, कीटक त्याच दिवशी सोडायचे, मधमाश्यांच्या पोळ्यांजवळ जायचं नाही, हे नियम प्रॅक्टिकलच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापा.

दोन्ही प्रयोगांची सविस्तर टिपणं, पट्ट्यांच्या छापायच्या कागदांसह, मी मराठीत तयार केली आहेत. कुठल्याही मंडळाने मागितली तर विनामूल्य देईन. शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घ्यायलाही येईन, तालुक्याच्या कॉलेजात असली तर आधी तिथे. टिपणांत चुका सापडल्या तर सांगा, दुरुस्त करू. पण पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि त्या दिवशी टेबलावर काचेच्या बरणीत एक नाकतोडा ठेवा. सभासदांनी आधी तो पाहावा आणि मग मतदान करावं.

आपली,
पदवीच्या वर्गांना प्राणिशास्त्र शिकवणारी एक प्राध्यापिका